एकाहत्तरावा हात

मराठी घरात चहाच्या वेळी बशी म्हटली, की कपातला कढत चहा ओतून निववण्याचे साधन डोळ्यांपुढे येते. चीनमध्ये बशीचे काम निराळे आहे. तेथे ती वाटीचे आसन असते. तिच्यावर तोंडाशी किंचित उमललेली लहानशी वाटी आणि वाटीवर बेताचे झाकण. या भांड्याचे चिनी नाव ‘गायवान’, म्हणजे झाकणाची वाटी. झाकण हे आकाश, बशी ही पृथ्वी आणि मधली वाटी हा मनुष्य, असा अर्थही परंपरेने तिला दिला आहे.

सुंग राजवटीत वड्यांच्या रूपात दाबलेला चहा दळून त्याची पूड गरम पाण्यात बांबूच्या कुंच्याने घुसळीत. १३९१ मध्ये मिंग सम्राट हुंगवू याने वड्यांचा नजराणा बंद करून सुटी पाने मागविली. पाने भिजत घालण्याची चाल त्यानंतर दृढ झाली. पण पाण्यात उमललेली पाने ओठांशी येतात. झाकणाने हा प्रश्न सोडविला. ते वाटीच्या तोंडाहून किंचित लहान असते. तिरपे धरले की फटीतून चहा येतो, पाने मागे राहतात. तेच झाकण वाफ राखते, पाणी हळुवार ढवळते आणि उलटे करून नाकाशी नेले की सुगंधाची पारख करू देते. भांड्याची झिलई वास धरून ठेवत नाही. म्हणून आज हिरवा आणि उद्या काळा चहा एकाच वाटीत निर्वेध करता येतो.

अशा वाट्यांचे माहेर म्हणजे जियांगशी प्रांतातील जिंगदेजेन हे नगर. जवळच्या गाओलिंग गावावरूनच तेथील पांढऱ्या मातीला जगभर ‘केओलिन’ हे नाव पडले. निळ्या चित्रांची वाटी रंगविताना कारागीर कच्च्या, न भाजलेल्या भांड्यावर कोबाल्टचा रंग लावतो. त्या वेळी तो रंग मळकट, काळसर दिसतो. कोरडी माती पाणी तत्काळ शोषते. कुंचला क्षणभर थबकला तर डाग पडतो आणि तो सहजासहजी पुसता येत नाही. त्यावर झिलई चढवून सुमारे १,३०० अंश सेंटिग्रेडच्या भट्टीत भांडे भाजले, म्हणजे निळाई प्रकटते. गुलाबी, पिवळे असे नाजूक रंग भाजलेल्या झिलईवर भरतात आणि भांडे पुन्हा मंद भट्टीत घालतात.

फ्रान्स्वा झाव्हिए दांत्रकोल या फ्रेंच धर्मोपदेशकाने १७१२ मध्ये लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे, की एक भांडे तयार होईपर्यंत सत्तर कारागिरांच्या हातांतून जाते, असे सांगतात. एक जण काठाची रेघ ओढी, दुसरा फुलांची बाह्यरेषा काढी, तिसरा रंग भरी. त्यांपैकी कोणाचेही नाव भांड्यावर येत नसे. दरबारी भांड्यांच्या तळाशी नाव असे ते सम्राटाच्या कारकिर्दीचे.

जिंगदेजेनचे मोठे सरकारी कारखाने १९९० च्या दशकात बंद पडले. पुढे लहान कार्यशाळांनी नगराचा लौकिक सावरला आणि २०१४ मध्ये युनेस्कोने हस्तकलांचे सर्जनशील नगर म्हणून त्याचा गौरव केला. तरी आज बाजारातील पुष्कळशा वाट्यांवरील चित्र छापील असते. छापील रेघ सर्वत्र सारखी दिसते. कुंचल्याची रेघ कोठे दाटते, कोठे विरळ होते, आणि जोडीच्या दोन वाट्यांवरील एकच फांदी कधी तंतोतंत जुळत नाही.

चहा छापील वाटीतही तितकाच चांगला होतो, हे मान्य केले पाहिजे. मग हाताने रंगविण्याचा आग्रह कशासाठी? कुंचल्यात पाणी किती घ्यावे, मातीवर तो किती वेगाने फिरवावा, हे ज्ञान पुस्तकात पुरते उतरत नाही. तेच पान, तीच फांदी हजारदा काढणाऱ्या हातात ते वसते, आणि त्या हाताला रोजचे काम मिळाले तरच ते टिकते. रंगविलेली वाटी केवळ धनिकांच्या काचेच्या कपाटातील वस्तू झाली, तर मोजके नामवंत उरतील आणि निनावी हात ओसरतील. सिचुआन प्रांतातील चंगदूच्या चहागृहांत झाकणाची वाटी आजही रोजच्या वापरात आहे. गप्पा रंगतात, पाणी पुन्हा पुन्हा ओतले जाते. वाटी घडविणारे हात सत्तर असतील. पण तिच्यावरचे झाकण रोज उचलणारा एकाहत्तरावा हात असेल, तोवरच त्या सत्तरांना काम आहे.