पडद्यावरचा पाठ आणि शिकणाऱ्याचा हात



१५ ऑगस्ट २०२१ रोजी महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पेऱ्याची नोंद तलाठ्याच्या दप्तरातून शेतकऱ्याच्या हातातील भ्रमणध्वनीवर आली. यावल-रावेरचा केळी बागायतदार असो की शिंदखेड्याचा कोरडवाहू कापूस उत्पादक, त्याने गाव, खाते व गट क्रमांक निवडावा, पीक व क्षेत्र भरावे आणि स्वतःच्या शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे, अशी ही व्यवस्था आहे. पीककर्ज, विमा, हमीभावाची खरेदी, नुकसानभरपाई अशा अनेक प्रसंगी सातबाऱ्यावरील पिकाच्या नोंदीला महत्त्व येते. ही नोंद कशी करावी हे दाखविणारी ध्वनिचित्रफीत सदोष असेल, तर त्या दोषाची झळ थेट शेतकऱ्याला पोहोचू शकते. म्हणूनच संगणक वा भ्रमणध्वनीच्या पडद्याचे चित्रण करून पाठ तयार करणे ही गंभीरपणे शिकण्याची विद्या मानली पाहिजे.

चित्रणाच्या तीन पद्धती

पहिली पद्धत सलग चित्रणाची. पडद्यावर जे घडते ते क्षणाक्षणाला टिपले जाते. नकाशा सरकविणे, लांबलचक यादीतून आपले गाव शोधणे, कॅमेरा पिकावर धरणे, अशा ठिकाणी हालचाल हाच पाठ असतो. तेथे हीच पद्धत योग्य होय.

दुसरी पद्धत टप्प्याटप्प्याची. प्रत्येक वेळी बटण दाबताच एक स्थिरचित्र घेतले जाते आणि त्यावर बाण व सूचना चढविता येते. अर्ज भरण्याच्या कामी ही पद्धत सोयीची. पुढे एखादे बटण बदलले, तर तेवढेच चित्र बदलून भागते. संपूर्ण चित्रण पुन्हा करावे लागत नाही.

तिसरी पद्धत सरावाची. हीच स्थिरचित्रे येथे वापरली जातात. पण शिकणाऱ्याने योग्य जागी दाबल्याखेरीज पाठ पुढे सरकत नाही. चुकल्यास सूचना मिळते. संगणक वर्गात ही पद्धत फार उपयुक्त ठरते.

निवड करताना एकच प्रश्न विचारावा : पाठ पाहून झाल्यावर शिकणाऱ्याच्या हाताने काय करावयाचे आहे? त्याचबरोबर तो कोठे पाहणार आहे, याचाही विचार हवा. संगणकाचा संपूर्ण पडदा चित्रित केला आणि तो भ्रमणध्वनीवर पाहिला, तर अक्षरे तिळाएवढी दिसतात. अशा वेळी आवश्यक तेवढ्याच चौकटीचे चित्रण करावे आणि अक्षरे आधीच मोठी करून घ्यावीत.

संहिता आधी, चित्रण मागाहून

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम उभा केला. केंद्र शासनाच्या साहाय्याने चाललेल्या या उपक्रमातील पाठ सुमारे १० मिनिटांचे असतात. त्यांची शिस्त अनुकरणीय आहे. प्रथम दोन रकान्यांची संहिता लिहिली जाते : एका रकान्यात काय दिसेल, दुसऱ्यात काय बोलले जाईल. ती संहिता विषयाची माहिती नसलेल्या व्यक्तीकडून तपासून घेतली जाते, आणि मगच चित्रण होते. शिकणाऱ्याने पडद्याच्या एका बाजूस पाठ व दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष आज्ञावली उघडून बरोबरीने काम करावे, अशी अपेक्षा असते.

संकलनात काय ठेवावे, काय काढावे

संकलन म्हणजे केवळ कापाकापी नव्हे. निवेदकाचे अडखळणे, उगाच भिरभिरणारा बाण, मधेच येणारे संदेश हे सारे काढावे. परंतु प्रत्येक कृतीनंतरचे दोन-तीन सेकंदांचे थांबणे काढू नये; तेवढ्याच अवधीत शिकणाऱ्याचा हात बटणापर्यंत पोहोचतो. माहिती येईपर्यंत फिरत राहणारे चक्र जरूर कापावे; मात्र ‘येथे थोडे थांबावे लागते’ असे निवेदनात सांगावे. नाहीतर साक्रीच्या डोंगरपट्ट्यात, जेथे संपर्क मंद असतो, तेथे शेतकरी काम बिघडले असे समजून पुनःपुन्हा बटण दाबील किंवा नोंद अर्धवट सोडून देईल. नेहमी होणारी एखादी चूक व तिची दुरुस्ती मुद्दाम दाखवावी.

नाव, खाते क्रमांक, दूरध्वनी क्रमांक व सांकेतिक क्रमांक यांवर अपारदर्शक पट्टी ठेवावी. ज्याच्या खात्यावर चित्रण होते त्याची संमती आधी घ्यावी.

चित्र एक, आवाज अनेक

निवेदन चित्रणाबरोबरच न करता स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केल्यास मोठा लाभ होतो. स्पोकन ट्युटोरियलमध्ये चित्र तेच ठेवून निरनिराळ्या भारतीय भाषांतील निवेदन त्यावर बसविले जाते. खानदेशात या पद्धतीला विशेष वाव आहे. धुळे परिसरात अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ली व पावरी. एकाच चित्रणावर हे सारे आवाज चढविता येतील. मात्र बटणांची नावे पडद्यावर जशी दिसतात तशीच उच्चारावीत. ती बोलीत बदलली, तर शोधणाऱ्यास सापडणार नाहीत.

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांसाठी १९९० मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळालेल्या विद्यापीठाच्या परिसरात असंख्य तरुण संगणकशास्त्र शिकत आहेत. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांच्या मुखातील गाणी घरच्यांनी टिपून ठेवली म्हणूनच ती १९५२ मध्ये ग्रंथरूपाने वाचकांपुढे आली. आज टिपण्याचे साधन बदलले आहे. प्रत्येक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्याच्या बोलीत असा एक पाठ सिद्ध करावा, आणि तो प्रसृत करण्यापूर्वी गावातील एका शेतकऱ्याच्या हाती देऊन स्वतः गप्प बसावे. त्याचे बोट जेथे अडेल, तेथेच संकलन अपुरे आहे असे समजून पुन्हा कामाला लागावे.