भर दुपारची सावली



उन्हाळा का होतो असं वर्गात विचारलं, की भराभर हात वर होतात. "पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून!" हे उत्तर साफ चूक आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे 14 कोटी 70 लाख किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला हे अंतर 15 कोटी 20 लाखांपर्यंत वाढतं. म्हणजे आपण स्वेटर घालून शाळेत जातो, तेव्हाच सूर्य जवळ असतो.

खरं कारण आहे पृथ्वीच्या आसाचा साडेतेवीस अंशांचा कल. त्यामुळे डिसेंबरअखेर पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 48 अंशच वर चढतो. ऊन तिरपं पडतं, जास्त जमिनीवर पसरतं, आणि दिवसही 11 तासांचाच. मे महिन्यात ऊन सरळ खाली उतरतं आणि दिवस 13 तासांचा होतो. अंतरातला फरक या दोन गोष्टींपुढे टिकत नाही.

दुपार झाली की सूर्य डोक्यावर आला असं आपण रोज म्हणतो. पण पुण्यात तो नेमका डोक्यावर येतो वर्षातून दोनदाच : 13-14 मे आणि 29-30 जुलैच्या सुमारास. जुलैतली वेळ बहुधा ढगात जाते. मेमध्ये मात्र उभ्या काठीची सावली पायाशीच नाहीशी होते. घड्याळात तेव्हा साडेबारा वाजलेले असतात, कारण आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आणि पुणे त्याच्या पश्चिमेला. दिल्लीकरांना हा दिवस कधीच दिसत नाही. दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे. या दोन तारखांच्या मधल्या काळात आपली दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. मेअखेर अंगणात उभं राहून पाहा.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने अशाच सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला. इजिप्तमधल्या सायीनला, म्हणजे आजच्या आस्वानला, सूर्य डोक्यावर असताना अलेक्झांड्रियात तो 7.2 अंश कललेला होता. 7.2 अंश म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. म्हणून दोन शहरांमधल्या अंतराची पन्नास पट म्हणजे पृथ्वीचा परीघ.

हा प्रयोग आपल्याकडे सुरेख जमतो, कारण कोल्हापूर आणि नाशिक जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. 6-7 मेच्या सुमारास कोल्हापुरात सावली नाहीशी होते. त्याच वेळी नाशिकला एक मीटरच्या काठीची सावली पावणेसहा सेंटिमीटर भरते. तो कोन 3.3 अंशांचा. दोन्ही गावांमधलं सरळ अंतर सुमारे 365 किलोमीटर. 360 ला 3.3 ने भागा, 365 ने गुणा : उत्तर 40 हजार किलोमीटरच्या अगदी जवळ येतं, आणि पृथ्वीचा खरा परीघ तेवढाच आहे.

मोजताना जपून. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून सावलीची कड पुसट असते. अर्धा सेंटिमीटर चुकलात तर उत्तरात तीन हजार किलोमीटरचा फरक पडेल. काठी ओळंब्याने उभी करा, जमीन सपाट निवडा, साडेबाराच्या आधीपासून दर पाच मिनिटांनी खूण करा आणि सर्वांत आखूड सावली धरा. सूर्याकडे थेट बघू नका.

इथे बसलेल्या शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. शाळेला सुट्टी असली तरी त्या दिवशी मुलांना मैदानावर बोलवा, दुसऱ्या गावातल्या एखाद्या शाळेशी फोनवर बोलून ठेवा, आणि आकडे मुलांनाच मोजू द्या.