मक्याच्या मुलखातला यजमान

मराठी कवितेच्या वाचकाला आयोवा हे नाव बहुधा एकाच वाटेनं भेटतं. दिलीप चित्रे यांचा परिचय कुठंही छापलेला असो, १९७५ ते १९७७ या काळात ते अमेरिकेत आयोवा सिटीच्या ‘इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम’मध्ये होते, हे वाक्य त्यात असतंच. कॉलेजात असताना ते पहिल्यांदा वाचलं आणि ग्रंथालयातला ॲटलास काढून मी आयोवा शोधलं. न्यूयॉर्कजवळ नाही, समुद्राजवळही नाही. देशाच्या पार पोटात, मका, सोयाबीन आणि जनावरं यांचा मुलूख. जगभरच्या लेखकांनी आपल्याकडे मुंबई-पुणं सोडून मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी येऊन राहावं, तसंच हे. का जात असतील ते तिथं?

याचं उत्तर एका माणसात सापडतं. पॉल एंगल त्यांचं नाव. माझी-त्यांची भेट होण्याचा प्रश्नच नव्हता. पण मिळेल तिथून मी त्यांच्याविषयी वाचत राहिलो.

१२ ऑक्टोबर १९०८ रोजी आयोवातल्याच सीडर रॅपिड्स या गावी त्यांचा जन्म झाला. वडिलांचा धंदा घोड्यांचा. घोडी शिकवायची, विकायची. मुलगा मात्र कवितेला लागला. आयोवा विद्यापीठात एम.ए.साठी त्यांनी प्रबंध दिला तो स्वतःच्या कवितांचा, आणि विद्यापीठानं तो स्वीकारला! ‘वॉर्न अर्थ’ नावानं १९३२ साली तो संग्रह येल विद्यापीठाच्या तरुण कवींच्या मालेत निघाला. आपल्याकडे त्या काळी कुणी विभागप्रमुखांपुढं कवितांची वही ठेवली असती, तर काय झालं असतं याची कल्पना करा. मी स्वतः बी.ए.वर थांबलो. अशी सोय असती तर कदाचित पुढं गेलो असतो, असं म्हणायला हरकत नाही, कारण आता ते कुणी तपासणार नाही.

पुढं ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड झालं, १९३४ च्या ‘अमेरिकन साँग’ या संग्रहाचं मोठं कौतुक झालं. अशी माणसं मग सहसा महानगरात राहतात. एंगल परत आयोवालाच आले. १९४१ ते १९६५ अशी जवळजवळ पाव शतक त्यांनी विद्यापीठाची ‘रायटर्स वर्कशॉप’ चालवली. नदीकाठच्या लष्करी पत्र्याच्या बराकींत वर्ग भरत. एक दिवस जॉर्जियाकडची एक बुजरी मुलगी आली. तिचे दक्षिणी उच्चार एंगलना काही केल्या कळेनात. शेवटी त्यांनी तिच्यापुढं कागद सरकवला, काय म्हणायचंय ते लिहा म्हणाले. तिनं लिहून दिलं की मी फ्लॅनरी ओकॉनर, मला तुमच्या कार्यशाळेत यायचंय. बोली कळली नाही म्हणून तिला त्यांनी दारातून परत पाठवलं नाही. अमेरिकेतली एक थोर कथालेखिका त्या कागदाच्या चिठोऱ्यावरून आत आली.

या सगळ्याला पैसा लागे. एंगल तो मागायला कुणाकडेही जात. धुलाई यंत्रं बनवणारी मेटॅग कंपनी, ओट्सवाली क्वेकर कंपनी, स्थानिक कारखानदार, सगळ्यांची दारं त्यांनी ठोठावली. कवितेचं काम कारखानदाराला पटवून द्यायचं, तेही समोरच्याला ओशाळं न वाटू देता, हे माणसांत रमणाऱ्याचंच काम. माझ्यासारख्याला गावातल्या कविसंमेलनाची वर्गणी मागतानाही शब्द सापडत नाहीत.

१९६३ साली तैवानमध्ये त्यांना ह्वालिंग न्ये भेटल्या. चिनी कादंबरीकार. वडील १९३६ साली कम्युनिस्ट सैन्याच्या हातून मारले गेलेले. तैवानला आल्यावर ज्या नियतकालिकात त्या काम करत होत्या, तेही तिथल्या सरकारनं १९६० साली बंद पाडलेलं. म्हणजे दोन्ही चीननी पोळलेली ही बाई. पुढच्या वर्षी त्या आयोवाला आल्या. एकदा होडीतून फिरताना त्यांनी सुचवलं की नुसत्या अमेरिकनांचा कसला वर्ग, जगभरच्या लेखकांना बोलवा. एंगल म्हणाले, हे वेडेपण आहे. आणि १९६७ साली दोघांनी मिळून ते वेडेपण सुरू केलं. १९७१ मध्ये त्यांनी लग्न केलं. दोघांचंही दुसरं. एंगलना पहिल्या लग्नाच्या दोन मुली होत्या, ह्वालिंगना दोन. पहिल्या संसारात मुलीवर सुनीतांची अख्खी माला लिहिणारा हा बाप. तो संसार मोडला, हेही सांगायला हवं. घरंदाज, कुटुंबवत्सल माणसाच्या चरित्रातून असा भाग सहसा वगळला जातो.

नदीच्या वर टेकडीवर त्यांचं घर होतं. पाहुणे लेखक जवळच ‘मेफ्लॉवर’ नावाच्या इमारतीत उतरत आणि टेकडी चढून वर येत. घरामागच्या झाडीतून हरणं येत, एंगल त्यांना मका टाकत. तोंडावर काळी पट्टी असलेले रॅकून नावाचे प्राणीही हक्कानं येत. जेवण, गप्पा, मोठ्यानं हसणं. आजवर दीडशेहून अधिक देशांतले दीड हजारांवर लेखक त्या गावी राहून गेले. त्यांत बंगालीतले शंख घोष होते, हिंदीतले निर्मल वर्मा आणि श्रीकांत वर्मा होते.

हे वाचताना मला दर वेळी एक प्रश्न पडतो. स्वयंपाक कोण करत होतं? ह्वालिंग स्वतः कादंबरीकार, कार्यक्रमाच्या सहसंस्थापक, पुढं १९८८ पर्यंत संचालक. आणि पाहुण्यांच्या आठवणींत जेवणाचा विषय निघाला की नाव त्यांचंच. हे मी परदेशाविषयी बोलत नाहीये. कविसंमेलन आटोपून रात्री अकरा वाजता चार-पाच कवी घेऊन मी घरी येतो. बायको काही न बोलता पुन्हा तवा चढवते. सकाळी तिची सातची शाळा असते. गावात मला दिलदार माणूस म्हणतात. एकदा पाहुणे गेल्यावर भांडी आवरता आवरता तिनं विचारलं, ‘‘तुमच्या या दिलदारीत माझे किती आणे?’’ मी हसून वेळ मारून नेली. पुढच्या खेपेला तवा मी चढवला. पोळ्या करपल्या, कवींनी मुकाट खाल्ल्या.

आणि आता एका खुर्चीची गोष्ट. तैवानचे कथाकार छन यिंगचन यांना १९६८ साली आयोवाचं आमंत्रण गेलं. निघण्यापूर्वीच त्यांना अटक झाली. राजकीय खटला, दहा वर्षांची शिक्षा. १९७५ मध्ये सुटले, पण देशाबाहेर जाऊ दिलं जाईना. एंगल १९७७ मध्ये निवृत्त झाले, ह्वालिंगनी सूत्रं घेतली, आमंत्रण मात्र मागे घेतलं नाही. छन यिंगचन आयोवाला पोचले १९८३ साली, पंधरा वर्षांनी. त्या वर्षी चीनहून तरुण लेखिका वांग आनयी आणि त्यांची कथाकार आई आल्या होत्या. एकमेकांना शत्रू मानणाऱ्या दोन राजवटींची माणसं एका टेबलाशी जेवली. त्याआधी १९८० मध्ये कवी आय छिंग, १९८१ मध्ये तिंग लिंग येऊन गेल्या. दोघांनीही मायदेशी वीस-वीस वर्षं बहिष्कृताचं जिणं काढलेलं. आणि त्यांच्यापुढं ताट मांडणारी बाई कोण, तर कम्युनिस्टांनी जिचे वडील मारले ती.

व्यासपीठावर माझी ओळख करून देताना सूत्रसंचालक हमखास म्हणतात, ‘‘मुस्लिम असूनही मराठीत लिहितात.’’ ते ‘असूनही’ मी तीस वर्षं ऐकतोय. आयोवालाही लेखक ‘अमक्या देशाचा’ म्हणूनच येत असे, त्यामुळं तिथं फार वेगळं होतं असं मी म्हणणार नाही. पण तीन महिने रोज एकत्र जेवल्यावर ‘असूनही’ हा शब्द उच्चारायला जड जात असेल, असा माझा अंदाज आहे.

दुसरी बाजूही आहे. एरिक बेनेट या अभ्यासकानं २०१५ साली ‘वर्कशॉप्स ऑफ एम्पायर’ या पुस्तकात दाखवून दिलं की एंगलच्या कार्यशाळेला ‘फारफील्ड फाउंडेशन’चाही पैसा मिळाला होता, आणि ही संस्था म्हणजे सीआयएचा मुखवटा. देणगीदारांना पत्रं लिहिताना एंगल रशियाची भीतीही घालत. शीतयुद्धाच्या काळात परदेशी लेखकाला जेवू घालणं हेसुद्धा राजकारण होतं. हे वाचून मी काही दिवस अस्वस्थ होतो. मग छन यिंगचन आठवले. ते पक्के डावे, अमेरिकेचे कठोर टीकाकार. त्यांच्यासाठीही दार उघडंच राहिलं. पैसा स्वच्छ नव्हता, हे मला मान्य आहे. त्या पैशावर बसलेली पंगत खोटी होती, हे मात्र मान्य नाही.

एंगलच्या स्वतःच्या कविता आज अमेरिकेतही फारसं कुणी वाचत नाही. पहिल्या दोन संग्रहांनी जी आशा दाखवली होती, ती पुरी झाली नाही. इतरांच्या कवितांसाठी पत्रं लिहिण्यात, विमानतळावर आणायला जाण्यात, वर्गणी मागण्यात त्यांचे दिवस गेले. कवी म्हणून मला याची भीती वाटते. रात्री पाहुणे गेल्यावर वही उघडायचं त्राण उरत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

२२ मार्च १९९१ रोजी एंगल पोलंडला निघाले होते. तिथल्या सरकारनं त्यांचा सन्मान करायचं ठरवलं होतं. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर ते कोसळले आणि गेले. जन्मभर लोकांना परदेशातून आणणारा माणूस परदेशी जाता जाता गेला. त्याच वर्षी चित्रे यांचं तुकोबांच्या अभंगांचं इंग्रजी भाषांतर, ‘सेज तुका’, प्रसिद्ध झालं.

ह्वालिंग त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ जगल्या. २०२४ साली, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, आयोवा सिटीतच त्यांचं निधन झालं. काही महिन्यांतच, २०२५ च्या फेब्रुवारीअखेर, अमेरिकी परराष्ट्र खात्यानं कार्यक्रमाचं अनुदान रद्द केलं. त्या वर्षी पाहुण्यांची संख्या बरीच कमी करावी लागली. पण थोडे का होईना, लेखक आले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)