पेटीचा सराव: रोज थोडा, पण नेमका

आज बचत, कर्ज, हप्ते हा विषय नाही. आज बोलायचंय पेटीबद्दल, म्हणजे हार्मोनियमबद्दल.

आपल्या भागात महिलांची भजनी मंडळं पुष्कळ आहेत. टाळ आपल्या हातात, गळा आपला, पण पेटीवर बहुतेक ठिकाणी कुणीतरी भाऊ किंवा काका बसतात. ते कामात अडकले की आपलं भजन अडतं. म्हणून काही गट पैसे जमवून पेटी घेतात, शिकवणी लावतात. पहिला महिना उत्साहाचा. मग पेटीवर चादर पडते आणि बायका म्हणतात, "या वयात बोटं वळत नाहीत गं." बोटं वळतात. चुकतो तो सराव करण्याचा रस्ता.

पहिली गोष्ट वेळेची. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज 20 मिनिटं बसा. हिशेब करा, आठवड्याची 140 मिनिटं होतात. हाताला वळण लागतं ते रोजच्या सवयीनं. पेटी कपाटावर ठेवू नका, हाताशी ठेवा.

दुसरी गोष्ट, या 20 मिनिटांचे तीन भाग करा. पहिली 5 मिनिटं अलंकार: सारेग, रेगम, गमप, असे चढत आणि तसेच उतरत. मधली 10 मिनिटं अडणाऱ्या जागेला. शेवटची 5 मिनिटं येणारं भजन आनंदानं वाजवा.

त्यातली मधली 10 मिनिटं सगळ्यात मोलाची. आपण काय करतो? ओळीत चुकलो की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्यामुळे सोपा भाग पन्नास वेळा वाजतो आणि अवघड जागा तशीच राहते. कापडाला एका जागी भोक पडलं तर आपण तेवढंच रफू करतो ना? तसंच इथे. अडतात ते तीन-चार सूर वेगळे काढा. अगदी सावकाश वाजवा, इतकं सावकाश की चूक होणारच नाही. सलग पाच वेळा बरोबर आलं की आधीचे दोन सूर जोडा, नंतरचे दोन जोडा. मगच वेग वाढवा. घाईत चुकीचं वाजवत राहिलं तर हाताला तीच चूक पाठ होते.

तिसरी गोष्ट पट्टीची. शिकवताना बहुधा पांढरी एकपासून सा धरतात, सगळे शुद्ध सूर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात म्हणून. पण पुष्कळ बायकांना गायला काळी चार सोयीची पडते. तिथे सा काळी चार, रे काळी पाच, ग वरची पांढरी एक, म काळी एक. बोटांची वाटच बदलते. मग घरी येणारं भजन मंडळात येत नाही. म्हणून ज्या पट्टीत मंडळ गातं, त्याच पट्टीत अलंकार घोटा.

चौथी गोष्ट तालाची. भजनी ठेका आठ मात्रांचा. आधी टाळी देत एक ते आठ मोजून ओळ म्हणा, मग बोटं ठेवा. डाव्या हातानं भाता संथ, एकसारखा हलवा. झटके दिले की सूरही झटके खातो.

"घरात पोरं अभ्यासाला बसतात, सासूबाई झोपतात, कधी वाजवू?" हा प्रश्न मला नेहमी येतो. भाता न हलवता नुसत्या पट्ट्यांवर बोटं फिरवा. आवाज होत नाही, बोटांचा सराव मात्र होतो. भाकरी थापताना सरगम तोंडानं म्हणा. आठवड्यातून एकदा मोबाइलवर आपलं वाजवणं रेकॉर्ड करून ऐका. वाजवताना न कळलेली चूक ऐकताना पटकन सापडते.

गटाची पेटी एकच असेल तर ती मधल्या एखाद्या घरी ठेवा आणि पाळ्या लावा. तिघी-चौघींनी आधी शिकावं, मग इतरांना शिकवावं. बचतीची वही ठेवतो तशी सरावाची वही ठेवा: तारीख, काय वाजवलं, कुठे अडलं. शिकवायला येणाऱ्यांना तीच जागा दाखवा, म्हणजे शिकवणीचा पैसाही सार्थकी लागतो.

वाजवून झालं की भाता मिटवून बंद करा, पेटी ओलीपासून आणि उंदरांपासून जपा.

मैत्रिणींनो, आपलं भजन कुणाच्या सवडीवर अडू नये, एवढंच मागणं आहे. आज रात्री भांडी आवरली की वीस मिनिटं काढा. अडणारी एकच जागा निवडा आणि तिथूनच सुरू करा.