तालीम रानातच घ्या



आम्ही कामोठ्याचे. पनवेलजवळचं हे गाव भाताचं होतं. १९७० साली सिडको स्थापन झाली. नव्या मुंबईसाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, त्यांत आमचं गाव आलं. जमिनीच्या भावासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. आज आमच्या खाचरांवर इमारती उभ्या आहेत.

रात्री कामावरून आल्यावर आम्ही पाच-सहा जण भातलावणीची गाणी बसवतो. एक ढोलकी, एक पेटी, दोन झांजा. भोंगा नाही. चटईवर बसून म्हटलं, की चाल पळायला लागते. जाणत्या बाया म्हणाल्या, "उभे राहा, वाका, रोप लावल्यासारखा हात चालवा." तसं केलं आणि चाल जाग्यावर आली. त्या गाण्याचा ठेका चिखलातल्या हातानं धरलेला. तो चिखल आता आमच्याकडे नाही. लग्नातले धवले तेवढे राहिले, कारण लग्नं लागतात आणि धवलारणीला अजून बोलावणं जातं.

तुमच्याकडे जमीन आहे. ज्वारीच्या काढणीची भलरी आहे. पण सोयाबीन वाढलं, ज्वारीचा पेरा घटला, मळणी यंत्रावर गेली. ज्वारीला भाव नाही तर पेरा नाही, पेरा नाही तर भलरी कुठली? तेव्हा भावाची लढाई चालू ठेवा, आणि यंदा विळा हातात असतानाच पोरांना भलरी शिकवा. खोलीत बसून शिकवायची पाळी आमच्यावर आली, तुमच्यावर येऊ देऊ नका.