बुटिक आणि जमाखर्चाची वही
(वार्षिक मेळाव्याच्या महिला सत्रात केलेले भाषण)



‘स्त्रियांनी वस्त्रव्यवसायात पडावे काय’ या विषयावर बोलण्याची आज्ञा महिला मंडळाने मला केली आहे. खरे पाहता हा प्रश्न आपल्या शिंपी समाजात तरी उद्भवू नये. दुकानाच्या पाटीवर नाव वडिलांचे असे. परंतु काजे करणे, हुक लावणे, हातशिलाई करणे ही कामे माजघरात बसून आईच उरकीत असे. त्याबद्दल तिच्या हातावर कोणी एक पैसाही मोजून ठेवल्याचे मला स्मरत नाही. तेव्हा स्त्रीने या व्यवसायात पडावे की नाही, हा प्रश्नच नव्हे. ती पडलेलीच आहे. तिच्या श्रमाची किंमत धरली जाते की नाही, हा खरा प्रश्न होय. मी मॅट्रिकपुढे न गेलेला, मुलांना अंकगणित शिकवीत आयुष्य घालविलेला मनुष्य. त्यामुळे जे बोलेन ते हिशेबाच्याच अंगाने बोलेन.

अलीकडे आपल्या लेकीसुना दुकानाला ‘बुटिक’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्या भाषेत त्याचा अर्थ नुसता ‘दुकान’ एवढाच आहे! त्याच फ्रान्स देशातील कोको शनेल हिचे नाव मुलींनी अत्तराच्या बाटलीवर वाचले असेल. १८८३ साली गरीब घरात जन्मलेल्या या मुलीची आई ती अकरा वर्षांची असताना वारली. बापाने तिला जोगिणींच्या अनाथाश्रमात ठेवले, आणि तेथे तिच्या हाती सुई आली. १९१० साली तिने पॅरिस शहरात टोप्यांचे दुकान थाटले आणि १९१३ साली दोव्हिल या समुद्रकाठच्या गावी दुसरे. त्या काळी तेथील स्त्रिया कंबर आवळून टाकणारे पोशाख वापरीत. हिने पुरुषांच्या आतल्या कपड्यांस लागणारे जर्सी नावाचे स्वस्त, विणीचे कापड घेतले आणि त्याचे सैल, सुटसुटीत पोशाख बेतले. पुढे महायुद्धात कापडाची टंचाई झाली, तेव्हा तिची ही युक्ती फारच फळास आली.

परंतु तिच्या चरित्रातील मला मोलाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. दुकानाचे भांडवल आर्थर केपल या तिच्या इंग्रज स्नेह्याचे होते. ती बँकेतून पैसे काढी आणि खर्च करी. बँक पैसे देते, त्या अर्थी आपणांस नफा होत आहे, अशी तिची समजूत! एके दिवशी केपलने सांगितले की, बँक देते ती त्याने तारण ठेविले आहे म्हणून देते. ही हकीकत ती स्वतः पुढे सांगत असे. तिला इतकी लाज वाटली की, दुसऱ्याच दिवशी, मला विचारल्यावाचून एक छदामही खर्च होता कामा नये, अशी ताकीद तिने दुकानात दिली, आणि कालांतराने केपलची सारी रक्कम फेडली. (दुसऱ्या महायुद्धातील तिची वागणूक मुळीच अनुकरणीय नव्हती, हेही मुलींना सांगून ठेवतो. धडा हिशेबापुरताच घ्यावा.)

आता आमच्या घरचे सांगतो. तीन वर्षांपूर्वी सूनबाईने बाजारपेठेत गाळा घेतला. अनामत आणि दोन मशिनी यांसाठी तिने माहेरच्या पाटल्या गहाण टाकल्या. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटाला पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळते, हे आम्हां कोणाच्या ध्यानी आले नाही. वर्षभर गल्ल्यात पैसा खुळखुळत होता आणि घरात समाधान होते. मात्र पाटल्या सोडविण्याची वेळ आली तेव्हा पैसा नव्हता. ती म्हणाली, “नाना, जरा वही बघता का?”

वही पाहिली आणि शनेलबाईच आठवल्या. गल्ल्यातला निम्मा पैसा न शिवलेल्या कपड्यांच्या आगाऊ रकमांचा होता; उरलेला कापडवाल्याच्या उधारीचा. एका पोलक्याचा हिशेब मांडला. शिलाई ५०० रुपये. त्यात अस्तर ७०, दोरा-हुक इत्यादी २०, कारागिराची मजुरी २००, महिन्याच्या शंभर नगांवर वाटलेले भाडे ९०, वीज व मशीनदुरुस्ती ३०. एकूण ४१०. उरले ९०. तेवढ्यात तिने माप घ्यावयाचे, बेतावयाचे, अंगावर घालून पाहावयाचे, आणि बाही आखूड झाली तर उसवून पुन्हा शिवावयाचे. तिच्या स्वतःच्या मजुरीचा रकानाच वहीत नव्हता! तो आम्ही त्या दिवशी आखला आणि शिलाईचा दर वाढविला. चार गिऱ्हाइके गेली. त्यांतील दोन परत आली, कारण बाह्या नीट बसतात.

मग उधारीची पाने उलटली, आणि येथे मला मान खाली घालावी लागली. भाचीच्या लग्नाची अकरा पोलकी शिवून दिलेली होती आणि पुढे रक्कम शून्य. बहिणीला मीच तोंड भरून सांगितले होते, “घरचेच दुकान आहे, पैसे कसले घेता!” सूनबाईने ब्र काढला नव्हता. अकरा नगांचा खर्च ४,५१० रुपये. नगामागे नव्वद सुटतात, म्हणजे तो भरून काढण्यास सुमारे पन्नास पोलकी शिवावयास हवीत. अर्ध्या महिन्याचे काम. माझ्या एका वाक्याने ते गेले होते. ज्या आईच्या काजांचा मी आता उल्लेख केला, तिच्या बाबतीत वडिलांनी केले तेच मी सुनेच्या बाबतीत केले होते.

पेन्शन झाल्यावर मी ५,५०० रुपये दुकानात जाऊन भरले. तिने आढेवेढे घेतले, पण पावती फाडली. पाटल्या सुटावयास पुढे चौदा महिने लागले. त्या सुटल्या, आणि आज तिच्या हातात आहेत. त्या वहीत आता ‘घरचे’ या मथळ्याचे एक वेगळे पान आहे. त्यावर पहिले नाव माझे असून त्यापुढे ‘जमा’ असे लिहिले आहे. त्याखाली आणखी सात नावे आहेत, त्यांपुढे अद्याप काही लिहिलेले नाही. ती मंडळी आज या सभागृहात बसलेली असल्यामुळे मी ती वाचून दाखवीत नाही.