चीनमधील स्त्रियांचें लेखन आणि धर्माचा आश्रय



अंतःपुरांतील शब्द उंबरठ्याबाहेर जाऊं नये, असा प्राचीन चीनच्या शिष्टाचाराचा दंडक होता. कुलीन स्त्रीचें लेखन उरावयाचें तर पित्याची, पतीची वा पुत्राची मर्जी लागे. मिंग व छिंग राजवटींतील कित्येक स्त्रियांनीं तर आपल्या कविता स्वहस्तें जाळल्या. अशा समाजांत धर्मानें स्त्रीच्या लेखणीला काय दिलें, हें आज पाहावयाचें आहे.

कन्फ्यूशियसच्या शिकवणीनें तिला कर्तव्य दिलें. हान काळांतील विदुषी बान झाओ हिनें आपल्या भावाचा अपुरा इतिहासग्रंथ पुढें नेला. पण मुलींकरितां उपदेश लिहितांना नम्रतेचाच पाठ दिला. मात्र मुलांप्रमाणें मुलींनाहि शिकवावें, असा आग्रह तिनें तेथेंच धरला आहे.

ताओ पंथानें निराळें दार उघडलें. ९ व्या शतकांतील यू श्वानजी ही एका अधिकाऱ्याची उपपत्नी. त्यानें टाकल्यावर तिनें छांगआन नगरींतील मठांत दीक्षा घेतली. जोगिणीच्या वेषांत तिला विद्वानांशीं काव्यविनोद करतां येई. तरीहि राजपरीक्षेंत उत्तीर्ण झालेल्यांचीं नांवें पाहून, स्त्रीच्या वस्त्राखालीं आपलें काव्य झांकून गेलें, अशी खंत तिनें एका कवितेंत व्यक्त केली. दासीच्या खुनाच्या आरोपावरून तिला ऐन तारुण्यांत देहदंड झाला, असें सांगतात. तिच्या सुमारें ५० कविता उरल्या आहेत.

पुढें १७ व्या शतकांत छीयुआन शिंगगांग (१५९७–१६५४) ही बौद्धांच्या चान पंथांत आचार्यपदास पोंचली. चान हें आपल्या 'ध्यान' शब्दाचेंच चिनी रूप. वाग्दत्त वर लग्नापूर्वींच वारलेल्या या स्त्रीचीं प्रवचनें व पद्यें शिष्यपरंपरेनें जपलीं आणि तीं बौद्ध ग्रंथसंग्रहांत छापलीं गेलीं.

धर्माचें खरें देणें येथें दिसतें. त्यानें स्त्रीला केवळ विषय दिला नाहीं. तिच्या शब्दांना राखणदार दिला. गुरूची वाणी जतन करणें हें शिष्याचें पुण्यकर्म असतें. तेथें गुरु स्त्री आहे कीं पुरुष, हा प्रश्न मागें पडतो. परंतु या आश्रयाचें मोलहि थोडें नव्हतें. आपला शब्द टिकावा म्हणून एकीला घराबाहेर पडावें लागलें. घरांत राहिलेल्या दुसरीनें तो अग्नीच्या स्वाधीन केला. त्या जळालेल्या वह्यांत काय होतें, हें आतां कोणीच सांगूं शकणार नाहीं.